छताच्या पट्टीखालचा रंग

मोटारीच्या छताला दोन्ही कडांनी, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, एकेक उथळ नाली असते आणि त्या नालीवर बोटभर रुंदीची काळी पट्टी बसवलेली असते. गाडीचे मालक वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहत नाहीत. ती सुटून फडफडू लागली आणि पावसाचे पाणी थेट डोक्यावर ठिबकले, म्हणजे तिचे अस्तित्व मान्य होते. आणि ते मान्य करावे लागल्याचा राग मग ती बसवणाऱ्यावर निघतो. श्रावण नगराळे हा ती बसवणारा होता.

राजूरच्या अलीकडे फाट्यावर त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे टिनाचे शेड होते. खाणीतले ट्रक दिवसभर समोरून जात आणि कोळशाची भुकटी सर्व प्राणिमात्रांवर समदृष्टीने पसरवीत. ती भुकटी गाडीच्या छतावरच्या नालीत बसते, ओल धरून ठेवते आणि पट्टीला पकडून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा आतल्या आत खाऊन टाकते. वरून पट्टी शाबूत, खालून पत्र्याची चाळणी. बाकीचे मिस्त्री पेचकस खुपसून पट्टी उपटीत. क्लिपा तुटत, नव्या मिळत नसत, मग पट्टी सिलिकॉनने चिकटवून गिऱ्हाइकाला देवाच्या हवाली केले जाई. श्रावण बांबूची कामटी वापरी. पट्टीवर कढत पाण्याचा फडका शेकत, कामटी हलक्या हाताने आत सरकवत, एकेक क्लिप मागे ढकलून तो पट्टी अखंड सोडवी. क्लिपा चिंचेच्या कोळात भिजवून घासण्याचे आणि नालीतला गंज रेगमालच्या खरखरीत कागदाने काढण्याचे काम त्याची बायको प्रभावती करी, कारण तिची बोटे नालीत मावत. दोघांचा एकच दंडक होता: उघडा पत्रा सोडून उठायचे नाही. पावसाळी हवेत घासलेला पत्रा बघता बघता पुन्हा लाल होतो. म्हणून घासणे, प्रायमर, सीलंट आणि पट्टी, सगळे एका बैठकीत.

त्यांची मुलगी प्रियंका मुकुटबनकडच्या एका उपकेंद्रात कंत्राटी परिचारिका होती. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, मोपेडवरून घरी येताना एका गाडीने तिला उडवले. गुन्हा नोंदला गेला तो ‘अज्ञात वाहना’वर. हे अज्ञात वाहन म्हणजे आपल्या तपासयंत्रणेने दर्शनशास्त्रात घातलेली मोलाची भर आहे: ते निर्गुण असते, निराकार असते, सर्वत्र संचार करते आणि साधकाला जन्मभर सापडत नाही. ह्या वाहनाला निदान रंग होता, असे सांगणारा एक माणूस निघाला. डोंगरसिंग नावाचा, रस्त्याकडेच्या तांड्यावरचा म्हातारा शेतकरी, त्या वेळी बांधावर गवत कापत होता. गाडी पोपटी होती, असे त्याने सांगितले. त्यापुढचेही सांगितले. गाडी थांबली. चालवणारा पोरगा उतरला, पोरीजवळ गेला. पोरीने त्याच्याकडे पाहून हात हलवला. तो जरा वेळ बघत राहिला आणि परत गाडीत बसून निघून गेला. डोंगरसिंग काठी टेकत पोचेपर्यंत सारे संपले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे पोलिसांनी शोधून काढले. ह्या संपूर्ण तपासात लागलेला तो एकमेव शोध.

श्रावणने यातले काहीच प्रभावतीला सांगितले नव्हते. “पोरगी जागच्या जागी गेली, तिले काई समजलं बी नाई,” एवढेच तो म्हणाला होता, आणि त्या एका वाक्याच्या काठीवर भार देऊन प्रभावती पुन्हा जेवू लागली, कामाला लागली. गाडीचा रंग सांगायचा, तर तो कोणी पाहिला हे सांगावे लागले असते. मग ती डोंगरसिंगकडे गेली असती आणि तिने उरलेले विचारले असते. म्हणून त्याने रंगही सांगितला नाही. रस्त्यावर पोपटी गाडी दिसली की त्याची मान तिच्यामागे वळे, आणि प्रभावतीची समजूत अशी झाली होती की नवऱ्याला तो रंग आवडतो.

भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी बादल एक राखाडी छोटी गाडी घेऊन आला. बादल हा भाऊसाहेबांचा ड्रायव्हर. भाऊसाहेबांच्या मालकीची अनेक महाविद्यालये असल्यामुळे लोक त्यांना शिक्षणमहर्षी म्हणत. ह्या ऋषिकुळातली तपश्चर्या त्यांच्या वडिलांनी रस्त्यांच्या ठेकेदारीत उरकून ठेवली होती.

“श्रावणभाऊ, वरून पाणी टिपकते जी,” बादल म्हणाला. “काल मॅडमच्या साडीवर पडलं. मले म्हणे, तू काच उघडी ठेवली. म्या म्हटलं, मॅडम, काच बाजूले असते, पाणी तं डोक्यावरून येऊन राह्यलं.”

“मंग?”

“मंग काय, काच उघडी ठेवली म्हणून माफी मागतली.”

श्रावण हसला. त्याने छताच्या कडेवरून अंगठा फिरवला. “दुसऱ्या कोणाले दाखवली?”

“दाखवली ना. त्यानं हातच नाई लावला. म्हणे, पट्टी तुटन, श्रावणकडंच ने. लहान साहेबाची होती ही गाडी, आता थे मोठी वापरते, ही मॅडमले देली. रंग पहा ना कसा हाय. नागपूरले मारला. बोनेटच्या आतून, डिक्कीच्या आतून, सीटा काढून सगळीकडून. कंपनीचाच वाटते.”

गाडी मारल्या गेलेल्या मुलीच्या बापाच्या दारात आली, यात नियतीचा वगैरे काही हात नव्हता. ह्या भागात क्लिपा न मोडता पट्टी काढणारा दुसरा माणूस नव्हता, आणि आपण मारलेली मुलगी कोणाची होती हे विचारण्याइतके कुतूहल भाऊसाहेबांच्या घरात कोणाला नव्हते.

बादल गाडी टाकून फाट्यावर चहाला गेला. श्रावणने ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी शेकायला घेतली. क्लिपा गंजून दगड झाल्या होत्या. नागपूरच्या रंगाऱ्याने सारी गाडी उकलली, पण ह्या पट्ट्यांपाशी येऊन तो भ्यालेला दिसत होता. त्याने पट्टीवर टेप चिकटवून तिच्या कडेकडेने रंग मारला होता. बराच वेळ शेकल्यावर पट्टी अखेर सुटली. खाली आधी गंज, त्याच्या बाजूला वाळका सीलंट, आणि सीलंटच्या कडेने, नालीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोवळ्या पोपटासारखा हिरवा रंग.

पुढच्या खांबाजवळ नालीचा काठ आत चेपला होता. वरचे छत पुट्टीने सारखे केलेले होते. पट्टीखालचे कोणाला दिसणार, म्हणून नाली तशीच राहू दिली होती.

श्रावणने ती चेपलेली जागा पाहिली. तिथे काय आदळले असेल, हे त्याने मनात येऊ दिले नाही. पण धंद्याने शिकवलेला डोळा माणसाची परवानगी घेत नाही, आणि आघात खालून वर, उजवीकडून, जड पण मऊ वस्तूचा, हे त्याला कळून चुकले. त्याने मोबाइल काढून फोटो घेतले. 

प्रभावती चिंचेच्या कोळाचे भगुने घेऊन आली. “अजी, द्या ना क्लिपा.”

त्याने दिल्या.

“तोंड काहून असं झालं? पत्रा गेला का?”

“नाई. पत्रा हाय.”

“मंग?”

“मी जरा जाऊन येतो. सीलंट आणतो.”

“सीलंट हाय ना घरात. अख्खी नळी पडली हाय.”

“दुसरं पाह्यजे,” श्रावण म्हणाला. “तू राहू दे आता हे. मी आल्यावर करू.”

राहू दे, एवढेच तो म्हणाला. ‘हात लावू नको’ म्हटले असते तर तिने काहून म्हणून विचारले असते, आणि ‘काहून’ला खरे उत्तर देण्याची सवय त्याच्या जिभेला तीन वर्षांत उरली नव्हती. आधी गाडी सरकारच्या ताब्यात जाऊ द्यावी, मग तिला जवळ बसवून, जेवढे सांगण्यासारखे आहे तेवढे सांगावे, असा त्याचा बेत होता. त्याने सायकल काढली.

ठाणेदारांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “हे प्रायमर आहे. कंपनी आतून हिरवाच देते.”

“नाई साहेब. प्रायमर मी रोज मारतो. हा रंग हाय. चमक पहा ना त्याची.”

“तुम्ही तज्ज्ञ आहात का?”

“मी मिस्त्री हाव.”

“तेच म्हणतो मी. उद्या वकील हेच विचारेल.” ठाणेदारांनी शिपायाकडून संगणकावर गाडीचा नंबर टाकवून घेतला. “हे बघा. राखाडी. पहिल्यापासून राखाडी.”

मोटार रंगवणाऱ्यापेक्षा कागद रंगवणारा अधिक निष्णात निघाला होता. कागदाला नाली नसते. जुना रंग लपून राहील अशी जागाच त्यात नसते.

“पण साहेब, डोंगरसिंगनं तवा सांगितलं होतं. अन् गाडी आता माह्या शेडात उभी हाय. तुमी चला, डोळ्यानं पहा.”

“पाहू ना. पंचनामा करू रीतसर. पंच जेवायला गेलेत. बसा बाहेर.”

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बिचारे ठाण्यात कधी बसले नव्हते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या श्रावणला आतून पाचव्या प्रमाणाचा आवाज ऐकू येऊ लागला. ठाणेदार फोनवर बोलत होते, आणि त्यांचा आवाज एकदम घरच्यासारखा मऊ झाला होता. “नाही नाही, भाऊसाहेब, काळजीचं काही नाही… तो मुलीचा बाप, हो, तोच… गाडी त्याच्याच शेडात आहे… नाही, मी तसं कसं सांगू, तुमची गाडी आहे, तुम्ही कधीही मागवा…”

श्रावणने प्रभावतीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. काम करताना तिचे हात ओले असत, म्हणून फोन ती आत गव्हाच्या डब्यावर ठेवी. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. उठून जावे, तर पंचनामा बुडेल आणि ‘फिर्यादी निघून गेला’ असा शेरा पडेल. बसून राहावे, तर गाडी जाईल. कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसासमोर कायदा नेहमी असेच दोन दरवाजे उघडे ठेवतो. त्याच्या बापाने ज्या निळ्या तसबिरीखाली त्याला वाढवले, त्या तसबिरीतला माणूस कायदा लिहून गेला होता. ह्या घरात कायद्याला पाठ दाखवायची रीत नव्हती. श्रावण बसून राहिला.

उन्हे कलल्यावर पंच ढेकर देत आले. हवालदार भीमसिंग राठोडने जीप काढली आणि सायकल मागे टाकून श्रावणला पुढे बसवले. भीमसिंग वाईट माणूस नव्हता. वाटेत त्याने एकदाच विचारले, “भाऊ, उघडी ठेवून आलता ना पट्टी?” श्रावणने मान डोलावली.

गाडी शेडातच होती. बादल निंबाच्या झाडाखाली चहाचा कप घेऊन उकिडवा बसला होता. प्रभावती बादलीत हात धूत होती. नवऱ्याला पाहून ती थकल्या, समाधानी चेहऱ्याने उठली, आणि पोलिसांची जीप पाहून थबकली.

गाडीच्या दोन्ही पट्ट्या जागच्या जागी बसल्या होत्या.

“बादल आलता धावत,” ती सांगू लागली. “म्हणे, काकू, साहेबाचा फोन आला, गाडी आत्ताच्या आत्ता पाह्यजे, जशी हाय तशी द्या. म्या म्हटलं, उघडा पत्रा घेऊन जाशीन का बाबू? पाऊस आला तं सडन, अन् नाव आमचं जाईन. बस म्हटलं झाडाखाली. तुमी तं येईनात, मंग दोनी बाजू म्याच केल्या.”

“दोन्ही?” श्रावणने विचारले.

“हाव. दुसरीबी काढली, कामटीनंच. एक क्लिप मोडली नाई.” ती पोलिसांकडे एकदा बघून पुन्हा नवऱ्याकडे वळली. “खालचा रंग लय चिवट होता, अजी. पोपटी होता, तुमच्या आवडीचा. म्या म्हटलं, आवडीचा असो नाई तं काई असो, त्याच्याच खाली गंज हाय. पत्रा चमकेपर्यंत घासला. पुढं थोडं चेपलं होतं, थे पुट्टीनं भरलं. हात लावून पाहा, समजत बी नाई.”

श्रावणने हात लावून पाहिला नाही. बादल सकाळसारखाच भोळा होता. त्याला ‘घेऊन ये’ एवढेच सांगितले होते. तिने गाडी तशीच जाऊ दिली असती, तर उघड्या नालीतली पोपटी रेघ मिरवत ती ह्याच रस्त्याने ठाण्यावरून, बाकावर बसलेल्या त्याच्या डोळ्यांदेखत गेली असती. ते अडवले ते प्रभावतीच्या सचोटीने.

“रेगमाल कुठं हाय, काकू?” भीमसिंगने विचारले. “घासलेले कागद?”

“चुलीत घातले. बादलले चहा टाकला ना.”

भीमसिंगने पट्टीवरून बोट फिरवले आणि टोपी काढून हातात घेतली. “भाऊ, आता मी काय लिहू? तुमचा फोटो हाय, पण साहेब त्याले प्रायमर म्हणते. काकूचं बयान घेतलं तं फिर्यादीची बायको म्हणतीन.”

“कायचं बयान?” प्रभावतीने विचारले. “काय झालं? चोरीची हाय का गाडी?”

भीमसिंग तिच्याकडे पाहत राहिला. त्याला वाटले, बाई दुःखाने असे बोलते आहे. “तुमाले तं माहीतच हाय, काकू,” तो हळू आवाजात म्हणाला. “डोंगरसिंगकाका आमच्या तांड्यातलाच. थो तवापासून एकच सांगते, गाडी पोपटी होती. अजूनबी झोपेत उठून बसते म्हातारा. म्हणते, पोरगी हात हलवत होती अन् थो नुसता पाहत—” इथे त्याची नजर श्रावणच्या चेहऱ्यावर गेली, आणि तो थांबला. पण वाक्य जेवढे जायचे तेवढे गेले होते.

समोरून एक ट्रक गेला. प्रभावती भीमसिंगकडे एक पाऊल पुढे आली.

“हात हलवत होती?”

ती श्रावणकडे वळली.

“तुमी तं म्हटलं होतं, जागच्या जागी.”

“प्रभा, मी…”

“थो थांबला होता?”

“हाव,” श्रावण म्हणाला.

“पाह्यलं त्यानं तिले? जिती होती थे पाह्यलं?”

“हाव.”

तिने पदराला हात पुसले आणि ती वळून गाडीपाशी गेली. कामटी टपावरच पडलेली होती. तिने ती उचलली नाही. अवजारांच्या पेटीतला सगळ्यांत मोठा पेचकस काढला आणि पुढच्या खांबाजवळ, जिथे तिने पुट्टी भरली होती तिथे, पट्टीखाली घुसवून उचकटला. पट्टी फाटली. तिने घासून लखलखीत केलेल्या क्लिपा तडातड उडून मातीत पडल्या.

“काकू, अवो काकू, काय करून राह्यल्या?” बादल कप टाकून धावला.

“राहिला असन,” प्रभावती म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती. “कुठंतरी राहिला असन. क्लिपच्या बुडाले राहते. एवढं चांगलं तं म्या नाई घासलं.”

पण घासले होते. नालीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रायमर बसला होता, एकसारखा, बुडबुडा नाही, ओघळ नाही. तिने पेचकसाच्या धारेने प्रायमर खरवडला. खाली पांढरा, कोरा पत्रा लागला. ती पुढे सरकली, तिथे खरवडले, तिथेही पत्रा. तिने दुसऱ्या बाजूची पट्टी उपटली. मग छतावरच पेचकस चालवला. राखाडी रंगाची लांब साल निघाली, खाली नागपूरची पुट्टी, आणि तिच्या खाली पुन्हा पत्रा. नागपूरच्या कारागिरानेही कामात कसूर केलेली नव्हती. एवढ्या साऱ्या प्रामाणिक माणसांनी मिळून एक खून पुसून टाकला होता.

श्रावण तिला धरायला गेला. तिने त्याचा हात झटकला, जोराने नाही, कामात मध्ये येणाऱ्याचा झटकतात तसा.

बादल फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता, “मॅडम, मी नाई जी, मी तं झाडाखाली होतो.” त्यानंतर लगेच भीमसिंगचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मधूनमधून ‘हो साहेब’ म्हणाला, आणि त्याने फोन खिशात ठेवला. मग त्याने जीपमधून कागदांची पिशवी काढली आणि कागद तिच्या बोनेटवर पसरले.

तीन वर्षांत जे जुळले नव्हते ते आता जुळून आले होते. वाहन ज्ञात होते. नुकसान डोळ्यांना दिसत होते. गुन्हा करणारी जागेवर हजर होती, हत्यार तिच्या हातात होते, साक्षीदारांपैकी कोणाला मोतीबिंदू नव्हता. आणि पंच तर पोटभर जेवून, सरकारी जीपमधून, आधीच येऊन पोचले होते. सही कुठे करायची, एवढेच त्यांनी विचारले.

“काकू, पूर्ण नाव सांगा,” भीमसिंग खाली मान घालून म्हणाला.

“प्रभावती श्रावण नगराळे,” तिने मान न वळवता सांगितले.

त्याने नाव लिहिले. वाहनाचा प्रकार लिहिला, क्रमांक लिहिला. पुढच्या रकान्याशी त्याचा पेन थोडा अडला. मग त्याने ‘राखाडी’ असे लिहिले आणि पान उलटले. पलीकडून पत्र्यावर पेचकस घासल्याचा आवाज येतच होता.